एकोणतीसचा पाढा

विमानतळावरची रांग पुटपुटत पाढे म्हणत होती. पाढ्यात गुंतलेल्या मनात राग सापडत नाही आणि तपासणीच्या कमानीवरचा दिवा हिरवा राहतो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

मंदाकिनी गव्हाणे गप्प राहून कमानीखाली गेल्या. दिवा लाल झाला.

"काकू, मनात राग दिसतोय. कुणावर?" तपासणीवरच्या मुलीने विचारलं.

"या कमानीवर. बॅग उलटीपालटी करा, पण मनाची झडती घ्यायची तर कोर्टाचा हुकूम दाखवा."

"एकोणतीसचा पाढा म्हणा ना, सगळेच म्हणतात! नाहीतर विमान चुकेल."

"चुकू दे. लेकीच्या बाळंतपणाला निघालेय. आज राग गिळला, तर उद्या त्या बाळालाही हेच शिकवावं लागेल."

डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन त्या बाजूलाच फरशीवर बसल्या.

मागच्या गृहस्थांचा पाढा थांबला. ते तसेच कमानीखाली गेले. लाल. त्यांच्या मागची बाई, लाल.

यंत्रच बिघडलं असेल म्हणून ती मुलगी स्वतः आत उभी राहिली. सवयीने तिचे ओठ हलले, मग तिने ते घट्ट मिटले.

दिवा लाल झाला.