दर तीन सेकंदांनी

वरच्या खोलीत आईचं ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं आणि जिन्याखालच्या, त्या खोलीच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत नव्हता.

खोलीतलं बाकी सगळं तिने बंद केलं होतं. एवढं मशीन चालू असताना तो दिवा दर तीन सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवा. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत मीटर तपासणं हेच तिचं काम होतं.

पगार बेताचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याला नावं ठेवत, ती ठेवत नसे. आठ महिन्यांपूर्वी तिने आईला आणलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली होती, "एवढ्याशा पगारात? सोळा सोळा तास मशीन चालणार. बिल बघून तुलाच ऑक्सिजन लागेल." पण भाडं, औषधं, किराणा, सगळं कसंबसं बसलं. "भागतं गं," ती सांगायची आणि मनातल्या मनात त्या नोकरीला हात जोडायची. भागलं नसतं तर आईला भावाकडे पाठवावं लागलं असतं. तो चौथ्या मजल्यावर राहायचा. आई तिथे एकदा चढली असती, तर पुन्हा खाली उतरली नसती.

काल तिने जुनी बिलं चाळली. आई येण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही सारखीच. मीटर मंद असणार, हा तिचा पहिला तर्क.

तिने वर जाऊन पंखा लावला, खाली येऊन दिव्याचं लुकलुकणं घड्याळावर मोजलं. मीटर चोख होतं.

मग शेजारच्या मीटरकडे लक्ष गेलं. ते घरमालक काकांचं. काका पैशाला चिकट. दिवसाउजेडी त्यांच्या घरात एक बटण चालू नसे. तरी त्यांचा दिवा लुकलुकत होता. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

"आई, मशीन जरा बंद कर. दहा मोजेपर्यंत."

"माझ्या श्वासावर प्रयोग करतेस होय?" वरून आवाज आला. पण मशीनची घरघर थांबली.

काकांचा दिवा थांबला.

मशीन आलं त्या दिवशी काकांनीच खाटेजवळ नवं सॉकेट बसवून दिलं होतं. नळ ठिबकला तरी चार शब्द ऐकवणाऱ्या माणसाने त्या कामाचे पैसे घेतले नव्हते, म्हणून ती तेव्हा भारावून गेली होती.

गप्प बसली तर भागत होतं. तरी ती अंगणात गेली. काका सायकलची साखळी पुसत बसले होते.

"काका, आईच्या मशीनची लाइन चुकून तुमच्या मीटरवर गेलीय. आठ महिने तुम्ही आमचं बिल भरताय. ती आमच्याकडे घ्या. मागचे पैसे मी हळूहळू देईन."

काकांनी फडकं खाली ठेवलं. ते खरोखरच दुखावलेले दिसले.

"चाळीस वर्षं वायरमन होतो मी," ते म्हणाले. "माझ्या हातून एक तार कधी चुकून गेलेली नाही."