ओलं सारवण

मलायातल्या कथलाच्या खाणीत राबून पुनाजी हिंगणीला परतला, तो बाजेवर पडण्यासाठीच. खाणीच्या डॉक्टरनं 'धडधाकट आहे' म्हणत त्याला बोटीत बसवलं होतं. इथं त्याला दारापर्यंतही चालवत नव्हतं. खोकायचा आणि राखाडी थुंकायचा.

त्याची बायको रामबाई रोज सकाळी घर सारवायची, आणि रोज त्या ओल्या शेणात बुटांचे ठसे उमटायचे. दारातून आत, थेट बाजेपर्यंत. परत जाणारा एकही नाही. घरात बूट तर कोणाकडेच नव्हते.

"माह्या संगचे हायेत," पुनाजी म्हणाला. "तिकडंच मेले खोकून खोकून."

रामबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुडदा पडो त्या कंपनीवाल्याईचा! छाती खाल्ली, आता सगळा माणूस बी पाह्यजे का?"

भर दुपारी तिनं पुन्हा शेण कालवलं. बाजेपासून मागं सरकत सरकत दारापर्यंत सारवलं आणि चौकट दोन्ही हातांनी धरून उंबऱ्यात बसली. पुनाजी बाजेवरून तिच्याकडं बघत होता.

बाजेपाशी एक ठसा उमटला. बुटाचा नव्हता. अनवाणी पायाचा होता, आणि त्याला अंगठा नव्हता. पुनाजीचा अंगठा खाणीतच तुटला होता.

मग दुसरा उमटला, तिसरा. तिच्याच दिशेनं.

"मी जाऊ देत नाई तुमाले!" ती किंचाळली. "याद राखजा!"

ठसे तिच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबले. पुनाजी बाजेवर तसाच पडून तिच्याकडं बघत होता, ओठ मिटून.

खोकला तिच्या तोंडावर आला, ओला, गरम.