कनवटीची किल्ली

"स्पर्धा होईपर्यंत मी पाया पडलो तरी गोड द्यायचं नाहीस," असं बॉडीबिल्डर लेकानं बजावलं, तेव्हा आईनं साखरेचा डबा कपाटात टाकला आणि किल्ली कनवटीला खोचली.

आज तो जिममधून घामानं निथळत आला. हात थरथरत होते.

"आई, चमचाभर साखर दे."

"नाटकं पुरे. पाणी पी आणि पड जरा," ती कौतुकानं म्हणाली. तो आत जाऊन आडवा झाला आणि जरा वेळानं घोरू लागला.

जेवणाआधी वडिलांनी फ्रिज उघडला. "अगं, माझं इन्सुलिन निम्मं कसं झालं? परवा हा विचारत होता, त्यानं दंडाचे स्नायू फुगतात का म्हणून."

इंजेक्शन जास्त झालं की त्यांनाही असाच घाम फुटायचा, आणि तीच साखर घेऊन धावायची.

तिनं कनवट चाचपली. आतलं घोरणं केव्हाचं थांबलं होतं.