अंगावरून माप

शिंप्याची टेप. समोरासमोर सर्व्हरची दोन कपाटं. केबलच्या ऑर्डरचा अर्धा भरलेला फॉर्म. शिंप्याच्या मुलीचं पहिलंच स्वतंत्र काम. चुकलं तर पुन्हा मदतनीस. “तांब्याची केबल, दोन मीटर,” लिहीत ती फोनवर वडिलांना म्हणाली, “तुमचीच टेप या कपाटापासून त्या कपाटापर्यंत सरळ धरली.” “केबल हवेतून जाणार?” “छताखालच्या जाळीवरून.” “मग कमरेचं माप पोटातून आरपार घेतेस का? टेप अंगावरून फिरव.” तिनं केबलच्या वाटेनं फिरवली. सात मीटर. “बाबा, डेटाच्या एवढ्या वेगाला तांबं तीन मीटरांतच दमतं. काचेचा धागा लागेल.” “धागा, काचेचा?” शिंप्याचं मशीन थांबलं. “सुईत ओवता येईल?” “येईल, केसाएवढाच असतो. घडी घातली तर मोडतो.” “मग सैल ठेव. येताना तुकडा आण.” तिनं ‘तांबं’ खोडून ‘फायबर’ लिहिलं, लांबी दहा मीटर. तिचा शाळेचा पहिला गणवेश वडिलांनी चार बोटं मोठा शिवला होता.