बाहेरची खोली

मेहुण्याच्या पत्राला ग्रंथपालांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ‘भावोजी, ताईला फार बघावंसं वाटतंय. येऊ का?’ एवढंच त्यानं विचारलं होतं.

पाहुणा यायचा म्हणजे बाहेरची खोली लख्ख हवी, हा बायकोनंच घातलेला शिरस्ता. आता त्याच खोलीत उजेडासाठी तिचा पलंग आणला होता. उशाशी औषधाच्या बाटल्या, पलंगाखाली भांडं, दोरीवर वाळणाऱ्या चादरी. दार उघडलं की आधी हेच दिसायचं आणि ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“अहो, लिहिलंत का त्याला?”

“लिहितो गं. जरा आवरू दे. असा पसारा बघून काय म्हणेल तो?”

“पसारा म्हणजे मीच की! घाला मला कपाटात आणि लावा दार.” ती हसता हसता खोकू लागली. मग हळूच म्हणाली, “राहू दे हो सगळं असंच. बोलवा त्याला. फार दिवस नाहीत माझ्याकडे.”

“उद्या नक्की,” ते रोज म्हणायचे आणि चादरींच्या घड्या घालत बसायचे.



शेवटी एकदाची खोली लख्ख झाली, पलंगसुद्धा निघाला. आणि ‘ताई गेली, निघून ये’ एवढंच लिहून त्यांनी उत्तर पेटीत टाकलं.