टोबी कुबियाकचा पूर्ण हंगाम

"डोरिन, पेन्सिल आहे का गं?" लेन कुबियाकने विचारलं, तेव्हाच बारमधल्या लोकांना कळायला हवं होतं की आज मास्तरांचं काही खरं नाही.

काउंटरमागच्या डोरिनने पेन्सिल दिली. लेनने बियरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उलटी केली आणि तिच्यावर एक गुणिले एकशे बासष्ट असा गुणाकार मांडला. एकने गुणायला पेन्सिल! आणि हा माणूस हयातभर गावातल्या शाळेत गणित शिकवत होता. डोरिनलाही त्यानंच शिकवलं होतं, आणि दोनदा नापासही केलं होतं.

"एकशे बासष्ट होमरन," लेनने जाहीर केलं. "हंगामात सामने एकशे बासष्ट. आत्ताचा वेग धरला तर पोरगा सगळे विक्रम मोडणार."

पोरगा म्हणजे लेनचा मुलगा टोबी, वय वर्षं एकतीस. इतकी वर्षं बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये, गावोगाव बसने फिरून हाडं खिळखिळी करून घेतलेला. काल तो पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये खेळला आणि त्यानं चेंडू थेट कुंपणापार धाडला, म्हणजेच होमरन. संघाच्या कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या गड्याची, बायको बाळंत व्हायची होती, म्हणून त्या कॅचरला रजा मिळाली होती आणि टोबीला त्याची जागा. अशी रजा फार तर तीन दिवसांची असते. बाप झालेला माणूस परत आला की टोबी पुन्हा बसमध्ये. त्याला वरच ठेवून घ्यावं, एवढंच लेनला हवं होतं. त्यासाठी तो देवाला सोडून गुणाकाराला शरण गेला होता.

शेजारच्या स्टुलावर ऑर्व्हिल टेस्मर तळलेला मासा खात होता. चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस दर एप्रिलला पहिल्या आठवड्याचे आकडे घेऊन पूर्ण हंगामाचा अंदाज बांधायचा, आणि दर एप्रिलला लेन त्याला सगळ्यांदेखत सोलून काढायचा. आज इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी आयती समोर आली होती. ऑर्व्हिलने हात पुसले.

"मास्तर, गेल्या वर्षी तुम्ही मला काय म्हणाला होतात? एका आठवड्यावरून हंगाम सांगणाऱ्याला तुम्ही पाचवीतही बसवणार नाही."

"तो प्रश्न वेगळा होता."

"वेगळा कसा? माझ्याकडे निदान सहा सामने होते!"

लेनने लक्ष दिलं नाही. "एका फटक्यात तीन धावा आणल्या त्यानं. म्हणजे चारशे शहाऐंशी धावा."

"आणि बाकी तीन वेळा बॅट घेऊन आला, तसाच हात हलवत परत गेला," ऑर्व्हिल म्हणाला. "म्हणजे तेही चारशे शहाऐंशी. नवा गुणाकारसुद्धा करायला नको."

बारमध्ये हशा पिकला. डोरिनने तोंड फिरवून ग्लास पुसायला घेतले.

"शिवाय दुसऱ्या बेसवरच्या गड्याकडे फेकलेला तो चेंडू! पार मैदानाच्या टोकाला गेला. मांडा, एकशे बासष्ट चुका."

"चुका नाही धरायच्या," लेन ठामपणे म्हणाला. "चूक माणूस एकदाच करतो."

"मग होमरन काय रोज करतो?"

"ऑर्व्हिल, मासा खा."

आजचा सामना सुरू व्हायला तास होता. लेन सारखा टीव्हीकडे बघत होता. मग त्यानं हळूच डोरिनला विचारलं, "पहिलं मूल असलं की वेळ लागतो ना गं?"

"सर, माझ्या थोरल्यानं दोन दिवस घेतले होते."

"शहाणा मुलगा," लेन म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. टोबीचा होता. डोरिनने टीव्हीचा आवाज बंद केला. लेनला कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांसाठीच होता.

"बाबा, कॅचर आला परत. मुलगी झाली. सासूबाई आल्यात म्हणे, त्या त्याला घरात उभं राहू देत नाहीत." मागून इंजिनाची घरघर येत होती. "मी बसमध्ये आहे."

लेनचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलेही नाहीत.

"मॅनेजरला सांगितलंस का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तू एकशे बासष्टच्या वेगावर आहेस म्हणून."

ऑर्व्हिल स्टुलावरून वाकला आणि त्यानं फोनमध्ये तोंड घातलं. "टोबी, ऑर्व्हिलकाका बोलतोय. नीट ऐक. दुसरा सामना खेळला असतास आणि फटका बसला नसता, तर वेग निम्म्यावर आला असता. आता खेळायचंच नाही म्हटल्यावर एकशे बासष्ट कायम! कुणाच्या बापाला तो कमी करता यायचा नाही."

टोबी हसायला लागला. बराच वेळ हसला आणि हसता हसता त्याचा आवाज जरा कापला.

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? एका आकड्यावरून काही म्हणजे काही ठरत नाही."

"शिकवलं," लेन म्हणाला. "ते लोकांच्या पोरांसाठी."