सतरंजीवरचे बूट

एकसष्टच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं जयपूरहून रामगढला जाऊन तिथल्या तलावाकाठी तंबू ठोकून राहिलो. धुतलेली सतरंजी अंथरून मी बजावलं, पायातलं बाहेर काढूनच आत यायचं.

दुपारी पाहते तर सतरंजीवर चिखलाच्या बुटांचे ठसे. मी यांच्यावर तडकले.

"माझे बाहेरच आहेत," हे म्हणाले. यांचे आणि आमच्या मधुमतीचे पाय स्वच्छ होते.

पुसून काढलं, तिघं जेवायला बसलो, तर ताटांपाशी पुन्हा ओले ठसे. माझं डोकंच फिरलं. "कोण मेला आहे तो? यायचंच असेल तर बूट काढून ये."

बाहेर एक बूट धप्पकन पडला. मग दुसरा.

तंबूचा पडदा हलला. मधुमती सरकून बसली, शेजारी जागा करून.

"आता नको ना रागावू, आई," ती म्हणाली. "त्यांनी काढले बूट."